डावीकडून पळणारी वसई

वसई,
दि. १७ नोव्हेंबर १९८६

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र मिळालं. सोबत सुकेळी पाठवतोय. भाऊजींपासून लपवून ठेव, नाहीतर गेल्या खेपेसारखी तुझ्या वाट्याला नुसती वरच्या वेष्टणाची सोपटं यायची.

मला रविवारचं वेड लागलंय, असं रुक्मिणीने तुला कळवलंच आहे. बायकोने नवऱ्याची चुगली नणंदेकडे करावी हा काळाचा महिमा. तर खरं काय ते माझ्याकडून ऐक. वसई आणि तुळिंज मिळून आम्हा आर्किटेक्टांची चार ऑफिसं आहेत आणि ही चारही ऑफिसं दर रविवारी एकमेकांशी सॉफ्टबॉल खेळतात. क्रिकेटला अकरा माणसं लागतात, तेवढी कोणाच्याच ऑफिसात नाहीत. सॉफ्टबॉलला नऊ पुरतात. टायपिस्ट चंद्रकांता, शिपाई आणि प्लॅन पास व्हायची वाट बघणारं एखादं अडलेलं गिऱ्हाईक धरलं की आमचे नऊ भरतात.

साहित्य क्लेमेंटच्या चुलतभावाने, बोटीवरच्या फर्डिनंडने आणलं. एक बॅट, तीन ग्लोव्ह्ज आणि मैदानाचं चित्र असलेलं एक पुस्तक. पुस्तक बोटीवरच्या कोणा दुसऱ्याचं होतं, म्हणून ते तो परत घेऊन गेला. आम्ही त्याआधीच मैदानाचा नकाशा काढून ठेवला होता. आर्किटेक्टच आम्ही, नकाशा काढल्याशिवाय आंघोळीलाही बसत नाही. गोखिवऱ्याला धर्मा नावाच्या आमच्या गिऱ्हाइकाच्या शेतातलं भात कापून झालं की त्या नकाशावरून चुना टाकतो. बेस म्हणून रेतीची पोती ठेवायची होती. तिसऱ्या बेसच्या पोत्यात हिरामणच्या तुळिंज ऑफिसने चुकून सिमेंट भरलं आणि ते दवाने जागच्या जागी दगड झालं. ते उचलता येत नाही, म्हणून आता सगळं मैदान त्याच्यापासून मोजतात.

पंच आहे तुळशीदास. तो स्ट्रक्चरल इंजिनिअर. सगळीकडे दीडपट सुरक्षितता धरायची त्याला सवय. धावणारा बेसवर नुसता वेळेत पोचून भागत नाही, दीडपट आधी पोचावा लागतो. वर्षभरात त्याने अकरा जणांना नाबाद दिलंय, त्यातला एक पाद्री होता.

खेळ सोपा आहे. चेंडू टोलवला की बॅट टाकून डावीकडे धूम ठोकायची, पहिला बेस, दुसरा, तिसरा, की घरी. १ फेब्रुवारीला अंतिम सामना आहे, माझं ऑफिस विरुद्ध क्लेमेंटचं.

आणि आता जे लिहायला हे पत्र घेतलं ते लिहितो. क्लेमेंट माझ्याशी बोलत नाही, याला वर्ष झालं. मीही बोलत नाही. दहा वर्षं एका टेबलावर काम केलं. रेघा त्याच्या, अक्षरं माझी. मला सरळ रेघ येत नाही आणि त्याचं अक्षर त्याच्या आईलाही लागत नाही. धर्माच्या घराचा जिना कुठल्या बाजूने घ्यायचा यावरून भांडलो आणि ऑफिस मोडलं. धर्माने वैतागून दोन्ही जिने बांधले. आता एकावर माझी माणसं बसून सामना बघतात, दुसऱ्यावर त्याची. मैदानावर काही बोलायचं असलं तर तो तुळशीदासला सांगतो आणि तुळशीदास मला. मला चषकाचं काही पडलेलं नाही, ताई. मला माझा मित्र परत हवाय. तो फक्त रविवारी दिसतो, म्हणून मी रविवारी घरी नसतो.

सर्वांस यथायोग्य. तुझी माया आटू देऊ नकोस, इतकंच मागणं.

तुझा,
शरदचंद्र

———

अमरावती,
दि. २७ नोव्हेंबर १९८६

चि. शरद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुकेळी पोचली. लपवण्याआधीच संपली.

बाळा, मी शाळेत मुलींना सॉफ्टबॉल शिकवते, याला नऊ वर्षं झाली. हे तुला ठाऊक आहे, पण मला विचारावंसं तुला वाटलं नाही. तुझं पत्र मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचलं. सिमेंटच्या पोत्याला हसलो, पाद्र्याला हसलो आणि मग एका वाक्याशी मी थांबले. डावीकडे धूम ठोकायची म्हणजे काय रे? चेंडू टोलवला की उजवीकडे पळतात. साऱ्या जगात पहिला बेस उजवीकडे असतो. आमच्या पाचवीतल्या मुलीही चुकत नाहीत. चार ऑफिसं, सगळे डिग्रीवाले, आणि वर्षभर घड्याळाच्या काट्यासारखे उलटे फिरताय! एकालाही शंका आली नाही?

तुम्ही दोघं जिन्यावरून भांडलात हे इथे कोणाला पटत नाही. जमिनीवरून भांडतात, बायकांवरून भांडतात. जिन्यावरून भांडणारे तुम्हीच. क्लेमेंट लहानपणी आपल्याकडे आला की आधी आईच्या पाया पडायचा आणि मग लाडू मागायचा. इतका शहाणा मुलगा तू कसा घालवलास? त्याच्याकडे जा. सरळ जा, डावीकडून नको.

थंडी वाढलीय, गळपट्टा वापर. बहिणीला राग येतो तो जिव्हाळ्यापोटीच, हे ध्यानात असू दे.

तुझी,
ताई

———

वसई,
दि. ८ डिसेंबर १९८६

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. रुक्मिणीला वाटलं कोणीतरी गेलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन जुनी ट्रेसिंग काढली. क्लेमेंटने फर्डिनंडच्या पुस्तकावरून काढलेली. त्यात बाण उजवीकडेच आहेत, ताई. त्याची रेघ कधी चुकली नाही, तशी तीही चुकलेली नाही. चूक माझी. ट्रेसिंगचा कागद पारदर्शक असतो. प्रिंट काढायला अमोनियाच्या मशीनमध्ये घालताना तो मी पालथा घातला, म्हणून प्रिंटवर बाण उलटे उमटले. अक्षरं असती तर तेव्हाच कळलं असतं. पण अक्षरं काढायचं काम माझं, आणि ती मी नेहमीप्रमाणे नंतर प्रिंटवर काढली. उलट्या बाणांच्या टोकाशी, सुंदर वळणात, पहिला बेस, दुसरा बेस, तिसरा बेस. त्या प्रिंटवरून साऱ्या वसईला मी उलटं पळवलं.

आता माझी अडचण समजून घे. जिन्याच्या भांडणात क्लेमेंट धर्मासमोर म्हणाला होता की शरदला स्वतःचा डावा-उजवा हात कळत नाही. त्या एका वाक्यावर मी माझा ड्रॉइंग बोर्ड उचलून निघून आलो. हे प्रकरण उघडं पडलं तर त्याचं म्हणणं चार ऑफिसांसमोर, चुन्याने आखून, सिद्ध होईल. तो हसेल. तो हसला की मला परत त्याच्या दाराशी जाता येणार नाही. म्हणून तुला आईची शपथ, हे कोणाला सांगू नकोस. क्लेमेंटला तर मुळीच नाही.

काल सामना जिंकलो. घरी येऊन रडू आलं.

वेंधळ्या भावावरची दया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
शरदचंद्र

———

वसई,
दि. २९ डिसेंबर १९८६

सौ. प्रेमलताताईस,
स. न. वि. वि.

नाताळच्या शुभेच्छांचं तुझं कार्ड मिळालं. त्यात तू विचारलंस की सॉफ्टबॉल कसा काय चाललाय. तू तो खेळ शिकवतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून प्रश्न साधा नाही हेही कळलं. तेव्हा खोटं लिहीत नाही.

मैदान उलटं आहे. मला पहिल्या रविवारपासून माहीत आहे. माझी रेघ मी ओळखतो, पालथी पडली तरी.

त्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा आटोपून गोखिवऱ्याला गेलो, तर शरद चुन्याचा डबा घेऊन उभा होता. शर्ट, चेहरा, सगळं पांढरं. आणि त्याने प्रत्येक बेसला पाटी लावली होती, त्या त्याच्या अक्षरात. मी बोलायला तोंड उघडलं. चारही ऑफिसं तिथे होती. आठच दिवसांपूर्वी मी त्याला डाव्या-उजव्या हाताचं ते बोललो होतो. ताई, ते मी बोलायला नको होतं. माझ्या तोंडून गेलं आणि दहा वर्षांच्या सोबतीचा माणूस गेला. तेच चार लोकांत पुन्हा बोललो असतो तर त्याने गाव सोडलं असतं. मी तोंड मिटलं आणि डावीकडे पळालो.

मग ते निस्तरत बसलो. ऑफिसात सांगितलं की खरी पद्धत हीच. आमच्या गॅब्रिएलला संशय आला, तो फर्डिनंडला पत्र लिहून विचारणार होता. मी म्हटलं दे, मी टाकतो. ते पत्र वर्षभर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सुट्टीवर आलेल्या फर्डिनंडला सामन्याच्या दिवशी मी मुद्दाम विरारला मावशीकडे धाडलं. ही सगळी पापं मी फादरना सांगितली. त्यांनी विचारलं, सॉफ्टबॉल म्हणजे काय.

हे शरदला कळू देऊ नकोस. त्याचं अक्षर असलेलं तेवढं एकच काम आता माझ्या डोळ्यांसमोर असतं. माझे नकाशे कचेरीतून परत येतात, वाचता येत नाहीत म्हणून.

भाऊजींना नमस्कार. आहे तसाच जीव लावत जा.

आपला,
क्लेमेंट

———

अमरावती,
दि. ८ जानेवारी १९८७

चि. शरद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आमच्या शाळेच्या मुली मुंबईला स्पर्धेसाठी निघाल्या आहेत. रविवारी १ फेब्रुवारीला त्या एक दिवस वसईला उतरतील. बारा मुली आणि एक बाई. सासूबाईंचा पाय मोडल्यामुळे मला येता येत नाही. तुमचा अंतिम सामना पुढे ढकला आणि त्या दिवशी मुलींशी मैत्रीचा सामना खेळा. तुमच्या बाजूने एकच संघ, तुझी आणि क्लेमेंटची माणसं मिळून. हे विचारत नाही, सांगतेय.

मैदानाचं काय करायचं ते तू ठरव. गप्प राहायचं वचन मी दिलंय, माझ्या मुलींनी दिलेलं नाही.

क्लेमेंटलाही कार्ड टाकलंय. त्यात काय लिहिलं ते विचारू नकोस. तुम्हा दोघांची पत्रं वाचून मला कधी हसू येतं, कधी दोघांच्याही कानाखाली द्यावीशी वाटते. मुलींना जेवायला मासळी दे, पण काटे कमी असलेली. त्यांना सवय नाही.

मोठ्या बहिणीचं ऐकण्यात आजवर कोणाचं नुकसान झालेलं नाही, हा विश्वास ठेव.

तुझी,
ताई

———

वसई,
दि. ३ फेब्रुवारी १९८७

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मुली सुखरूप मुंबईला गेल्या. सामना त्या जिंकल्या, असा आमचा अंदाज आहे.

झालं ते क्रमाने सांगतो. रविवारी सकाळी सगळे जमल्यावर मी मैदानाच्या मधोमध उभा राहिलो आणि सांगून टाकलं की ट्रेसिंग मी पालथी घातली, मैदान उलटं आहे, चूक माझी.  क्लेमेंट हसेल म्हणून मी त्याच्याकडे बघितलंच नाही. तो हसला नाही. त्याने तुळशीदासला सांगितलं की शरदला कळव, ट्रेसिंगच मुळात चुकलेली होती, चूक क्लेमेंटची. मी तुळशीदासला सांगितलं की क्लेमेंटला कळव, तो खोटं बोलतोय. तुळशीदास आमच्यामध्ये आठ वेळा गेला आणि आला. मुली धर्माच्या जिन्यावर बसून बघत होत्या. शेवटी गॅब्रिएलला राहवलं नाही. तो ओरडला की साहेबांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि त्याचं फर्डिनंडला लिहिलेलं पत्र साहेबांनी वर्षभर ड्रॉवरमध्ये दाबून ठेवलंय.

मग मला उमगलं, ताई. ज्याच्या हसण्याला मी दोन महिने भीत होतो, तो माझं हसं व्हायला नको म्हणून वर्षभर उलटा पळत होता.

तुळशीदासने हात टेकले. निर्णय देणार नाही, ज्याला जी दिशा योग्य वाटेल तिकडे त्याने पळावं, असं म्हणून तो सावलीत जाऊन बसला. तुझ्या बाईंनी मुलींना सांगितलं की यजमानांचा मान ठेवा, म्हणून मुली डावीकडे पळायला लागल्या. चंद्रकांताने आमच्या माणसांना सांगितलं की पाहुण्यांचा मान ठेवा, म्हणून आमची माणसं उजवीकडे. प्लॅनची वाट बघणारं गिऱ्हाईक कोणाचंही मन दुखायला नको म्हणून जागच्या जागी उभं राहिलं. हिरामण गुण लिहीत होता, त्याने अर्ध्यावर वही मिटली.

शेवटच्या डावात क्लेमेंट डावीकडच्या बेसवर उभा होता. माझ्या उलट्या बाणांप्रमाणे पळून तिथे पोचलेला तो एकटाच. बॅट माझ्याकडे आली. वर्षभरात माझ्या बॅटला चेंडू लागला नव्हता, तो त्या दिवशी लागला, धर्माच्या विहिरीपलीकडे गेला. मी उजवीकडे पळालो. त्याची रेघ होती ती, त्याने आखली होती तशी. एक बेस झाला, दम लागला होता, तरी थांबलो नाही, दुसऱ्याकडे निघालो. आणि समोरून क्लेमेंट माझ्याकडे पळत येत होता. तोही थांबला नाही. दुसऱ्या बेसवर आमची अशी टक्कर झाली की दोघंही उताणे पडलो. मुलींनी टाळ्या वाजवल्या, हाही खेळाचाच भाग असावा असं त्यांना वाटलं.

तुळशीदास धावत आला. पण क्लेमेंटने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो कोपरावर उठून बसला आणि थेट मला विचारलं, लागलं का म्हणून. वर्षातलं पहिलं वाक्य. मला काही म्हणजे काही लागलं नव्हतं. तरी मी म्हणालो, हो, पायाला, बरंच लागलंय.

मग गोखिवऱ्यापासून घरापर्यंत मी त्याच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आलो. कुठला पाय दुखतोय हे मी वाटेत दोनदा विसरलो. दोन्ही वेळा त्यानेच आठवण करून दिली.

सासूबाईंच्या पायाला आराम पडो. आम्हा दोघांवर आहे तशीच नजर असू दे.

तुझा,
शरदचंद्र