कधीच न पडलेला ब्रेकर

८ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर मुंग्यांसारखं होत चाललंय, भिंग घेऊन वाचलं. गुडघा कसा आहे? सूनबाईचं ऐकत जा. कान गेले म्हणून सोयीचं तेवढंच ऐकू येतं, असं ती फोनवर म्हणाली.

माझं म्हणशील तर वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू नर्सबाईंशी बिनसलंय. महिनाभर त्यांचं एकच पालुपद. जिन्याखालच्या बोर्डापाशी जळका वास येतो, गीझर लावला की झाकण गरम लागतं. मला तर कसलाच वास येत नाही. मी म्हटलं, हा बोर्ड माझ्या वायरमन भावानं स्वतः बसवलाय, आणि त्यानं शेवटचा हात लावल्यापासून तीस वर्षांत वरच्या मजल्याचा ब्रेकर एकदाही पडलेला नाही. तर म्हणाल्या, ओळखीच्या वायरमन बाईंना घेऊन येते. मी साफ नाही म्हटलं. तुझ्या कामात परक्यानं हात घालायचा म्हणजे काय! आता जिन्यात भेटल्या तरी मान वळवून जातात. त्यांची मुलगीही ‘आजी’ म्हणून हाक मारेनाशी झालीय.

तू दोन ओळी लिहून पाठव. त्यांच्यापुढे धरते, म्हणजे विषय मिटला.

आहे ती माया राहू दे.

तुझी,
अक्का

*

१२ जून

ती. अक्कास शि. सा. न.

तुझं पत्र आलं तेव्हा जेवत होतो. ‘एकदाही पडलेला नाही’ हे वाचलं आणि घास तिथेच राहिला. सूनबाईला लगेच तुला फोन करायला लावला, की वरच्या मजल्याची लाइन बंद कर, झाकण उघडू नकोस आणि त्या वायरमन बाईंना आजच बोलाव. कारण मात्र तिला सांगितलं नाही. ते तुला मीच सांगायला हवं.

भावजींच्या आजारपणाचं वर्ष आठव. ते वरच्या खोलीत झोपून असायचे. पंखा आणि विजेची शेगडी एकदम चालू झाली की ब्रेकर पडायचा. पंखा थांबला की त्यांचा जीव घाबराघुबरा व्हायचा आणि तू मला बोलावून घ्यायचीस. शेवटी मी सोळा अँपिअरचा ब्रेकर काढून बत्तिसाचा घातला. वायर तीच ठेवली, बारीक. अक्का, वायर तापायला लागली की ब्रेकरनं पडायचंच असतं, तेच त्याचं काम. मी तिचा राखणदारच हटवला. येत्या रविवारी जाड वायर ओढू, असं ठरवलं होतं. त्याच रविवारी भावजी गेले. मग तुझ्यासमोर हा विषय काढवेना, आणि पुढे पुढे लाज वाटायला लागली. तू चारचौघांत माझं कौतुक करायचीस आणि मी चहाच्या कपात बघत बसायचो.

शिवाय इतका जुना ब्रेकर आतून अडकलेलाही असेल. ऐन वेळी पडेलच याचा भरवसा नाही.

नर्सबाईंना हे पत्र दाखव. त्यांचंच खरं आहे. तू रागावशील, तो राग मला मान्य आहे. पण रागावून का होईना, लिही.

तुझा,
धाकटा

*

२१ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

मुद्दामच उशिरा लिहितेय. दोन दिवस इतकी चिडले होते की नको ते लिहून बसले असते.

फोन आला तशी लाइन बंद केली. वायरमन बाई दुपारीच आल्या. त्यांनी झाकण काढलं, टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. वायरवरचं आवरण बिस्किटासारखं चुरत होतं. मागची फळी तळहाताएवढी काळी पडलेली. बाईंनी नुसतं वर बोट दाखवलं. लाकडी जिना. वरच्या माणसांना उतरायला तेवढी एकच वाट. नर्सबाई ड्यूटीवर असतात तेव्हा ती आठ वर्षांची पोर वर एकटी अभ्यास करत बसते. मी तिथेच पायरीवर बसले.

तुझं पत्र आलं, ते घेऊन वर गेले. दाराशी खोकी बांधून ठेवलेली. नर्सबाईंनी दुसरी जागा बघितली होती. त्यांनी पत्र उभ्यानं वाचलं, मग खोक्यावर बसून पुन्हा वाचलं. म्हणाल्या, तुमच्या रागाचं काही वाटलं नव्हतं, पण आपल्यालाच भास होतात की काय, असं वाटायला लागलं होतं. मी माफी मागितली. त्यांनी मला पाणी आणून दिलं.

आता जाड वायर आहे, तिला साजेसे ब्रेकर आहेत, अर्थिंग नवं आहे. शॉक बसला तर क्षणात वीज तोडणारा एक स्विचही बसवलाय. त्याचं बटण दर महिन्याला दाबून बघायचं असतं. ते काम पोरीनं मागून घेतलंय. खोकी सुटली.

ह्यांना वारा मिळावा म्हणून तू ते केलंस, हे मला कळतं. नंतरचं गप्प बसणं अजून पचत नाही. पण दोन गोड ओळी लिहून मला गप्प करणंही तुला जमलं असतं. ते तू केलं नाहीस.

एक विचारते, खरं सांग. तू असा मोठा ब्रेकर घातलेली अजून किती घरं आहेत?

अक्का

*

६ जुलै

ती. अक्कास शि. सा. न.

नऊ आठवतात.

सूनबाईला सगळं सांगितलं. वाटलं, आता ही मला काय म्हणेल. तिनं कागद पुढे सरकवला आणि पत्ते लिहायला सांगितले. आम्ही दोघं घरोघर जातो. ती बोलते, मी लोकांच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. पहिल्या घरचा बोर्ड केव्हाच बदललेला निघाला. दुसऱ्या घरच्या माणसानं दार लावून घेतलं. काय काय बोलला ते सूनबाईनं मला सांगितलं नाही. तिसऱ्या घरच्या बाईंनी मला ओळखलं, खुर्ची दिली. त्यांचा बोर्ड हाताला गरम लागला. तिथली लाइन बंद केलीय, उद्या वायर बदलतील.

दार लावलेल्या घरी आज पुन्हा जायचंय. त्या घरात तान्हं मूल आहे, दोरीवर दुपटी वाळत होती.

गुडघा ठणकतोय. सूनबाई चपला घालून दारात उभी आहे, म्हणून इथेच थांबतो. जमेल तेव्हा माफ कर, घाई नाही.

तुझा,
धाकटा