मशीन बंद करायची खूण

बाबा,

तुमच्यावर चिडून काही उपयोग नाही हे मला कळतं. तरी लिहिते तुम्हालाच, कारण ज्याच्यावर खरा राग आहे त्याच्याशी मागच्या रविवारी भांडून झालं आणि राग काही उतरला नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. गेल्या वर्षी मला न्यूमोनिया झाला, फुप्फुसं भरली आणि उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात मला व्हेंटिलेटरवर ठेवलं. महिना उलटला तरी मशीन सुटेना, तेव्हा डॉक्टरांनी तोंडातली नळी काढली आणि गळ्याला भोक पाडून तिथून नवी घातली. तशी नळी असली की आवाज फुटत नाही. माणूस जागं असतं, सगळं ऐकत असतं आणि नुसते ओठ हलवत राहतं. भेटायला येणारे उशाशी उभे राहून खुशाल म्हणायचे, "आता हिचं काही खरं नाही." उशाशी! मेलेल्या माणसाबद्दलसुद्धा लोक जरा बाजूला जाऊन बोलतात.

मला भास व्हायचे. वाटायचं, मी अंबरनाथला तुमच्या कारखान्यात आहे आणि पत्र्याची झाकणं ठोकणारं ते मशीन माझ्या छातीवर आपटतंय. तुमची शेड मी पाहिली ती फक्त दसऱ्याच्या पूजेला, मशिनं बंद असताना. तिथला आवाज केवढा होता ते मला तुमच्या कानांवरून कळायचं. शेडमध्ये हाक ऐकू जायची नाही, म्हणून तुम्ही सगळे हातांनी बोलायचात, आणि घरी जेवायला बसलात तरी तुमचे हात थांबायचे नाहीत. मीठ, पाणी, बस, सगळं खुणेनं. आई करवादायची, "देवानं तोंड दिलंय ना? मग मुक्यावानी काय करता?" ते तुम्हाला ऐकूच यायचं नाही. मी त्या खुणा भराभर उचलल्या, धाकट्याला जरा वेळ लागला. एकदा तुम्ही रस्त्यापलीकडून त्याला 'घरी ये' अशी खूण केलीत, तर गोट्या खेळता खेळता त्यानं ती बघितली आणि मान खाली घातली. तुम्ही रस्ता ओलांडून आलात, त्याच्या पाठीत धपाटा घातलात आणि म्हणालात, "दिसलं ना तुला? दिसलं की उत्तर द्यायचं. नाय तर नाय म्हन, पन उत्तर दे. समोरच्याचा हात मशीनमधी असतो."

हे त्याला शिकवलंत ना? मग ऐका. हॉस्पिटलात एका सकाळी मी मशीन बंद करायची खूण केली. अंगठा मुठीत दाबायचा आणि मूठ मनगटातून खाली पाडायची, तुमचीच खूण. पडून पडून अंगावरचं मांस गेलं होतं, कूस बदलायला दुसऱ्याचे हात लागायचे. तरी मी ती मूठ वळली, पुन्हा पुन्हा वळली. कंटाळले होते, बाबा. घशातला कफ नळीनं ओढताना जीव जातो की काय असं व्हायचं, आणि तो जायचाही नाही. डॉक्टरांनी पायथ्याशी उभ्या असलेल्या धाकट्याला विचारलं, "ह्या काहीतरी सांगतायत. तुम्हाला कळतंय का?" तो माझ्या मुठीकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. तो म्हणाला, "नाय ओ डॉक्टर. भ्रमात आहे ती." मग डॉक्टरांना वाटलं मी नळी उपसायला बघतेय, आणि माझे हात पट्टीनं पलंगाच्या कठड्याला बांधले. सिस्टर भली होती बिचारी. "आंटी, थोडे दिन की बात है, हाथ मत हिलाओ," म्हणाली आणि गाठ मारली.

मशीन बंद केलं नाही म्हणून मी चिडलेले नाही. केलं असतं तर आज हे लिहायला मी नसते, तेवढी अक्कल मला आहे. पण त्यानं नुसती मान हलवून 'नाही' म्हणायला हवं होतं. मी रडले असते, मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या असत्या, पण मी अजून माणसांत आहे हे तरी कळलं असतं. त्यानं मला वेडी ठरवलं. त्यानंतर मी ओठ हलवायचंही सोडलं. आता भोक बुजलंय आणि आवाज फाटलाय. जीन्सच्या दुकानात मी काउंटर सांभाळायचे, तिथले शेठ म्हणतात, "दीदी, पहले आवाज ठीक करो." खरवईच्या ह्या नव्या बिल्डिंगीत लिफ्ट बंद पडली की मी घरात अडकते. मनगटाला बांगडी सहन होत नाही. आणि लोक पेढे मागतात, वाचलीस म्हणून!

पाणी प्यायले तर ते अजून भलतीकडे जातं आणि ठसका लागतो, म्हणून धाकटा दर रविवारी घट्टसर खिमट करून आणायचा. मागच्या रविवारी तो ते ढवळत होता तेव्हा मी विचारलंच, "खूण कळली होती ना तुला?"

चमचा थांबला. "कळली होती, ताई."

"मग खोटं का बोललास?"

तो वाटीतच बघत म्हणाला, "हात मोकळे राहिले असते तर तू रोज केली असतीस. आणि एक दिवस मी हो बोललो असतो."

मी त्याला चालता हो म्हणाले. जेवढा निघेल तेवढ्या आवाजात म्हणाले. त्यानं चमचा धुऊन ठेवला आणि तो गेला.

आज रविवार आहे. दुपार टळून गेली, तो आलेला नाही. त्याला मी माफ केलेलं नाही, करायचंही नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला लिहायला घेतानाच ठाऊक होतं. सकाळपासून दाराकडे बघत बसले होते, आणि तसं बसायची लाज वाटली म्हणून लिहायला घेतलं.