डावा कान कोरडाच

मंगळवार, अंगारकी. संध्याकाळ.

सकाळी गणपतीला दूर्वा वाहिल्या आणि दहा वाजता परळच्या दवाखान्यात खोटा रिपोर्ट छापला. स्वतःचीच शिसारी येते आहे.

तोल तपासताना दोन्ही कानांत पाळीपाळीने गार आणि कोमट पाणी सोडायचं, चक्कर येऊ द्यायची, डोळे किती थरथरतात ते मशीनवर बघायचं. चक्कर येते म्हणून आज तपासायला आलेले मोरे शिवडीच्या गोदामात शिडीवर काम करतात. उजव्या कानात पाणी गेलं आणि त्यांना उलटी झाली. "अहो सावंत, कान तपासताय की पोट धुताय?" म्हणाले. ते चूळ भरायला गेले तेव्हा आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "डाव्यालाही तेच आकडे टाका. बाहेर रांग आहे."

मी टाकले. रिपोर्ट निघाला नॉर्मल. डावा कान कोरडाच होता, तरी मी तो टॉवेलने पुसला. का पुसला? कुणाला दाखवायला?

उद्यापासून ते पुन्हा शिडीवर चढणार. त्या कोरड्या कानाच्या भरवशावर.

चंद्रोदयापर्यंतही मला थांबवलं नाही. आत्ताच फोन केला. "मोरेभाऊ, उद्या शिडीवर चढू नका. तुमचा डावा कान मी तपासलाच नाही. रिपोर्ट खोटा आहे, मी केलेला."