बंपर त्यांच्याकडे राहिला

तीर्थस्वरूप बाबांस,

धाकट्या जावयाचा साष्टांग नमस्कार. डोळ्याच्या ऑपरेशननंतर थोरल्या ताईंकडे तुमचा आराम चालू आहे असं ऐकून बरं वाटलं. (तुमची धाकटी म्हणते, रस्त्यावरून जाणाऱ्यांना गिअर कधी बदलायचा हे तुम्ही खिडकीतून सांगता, त्यामुळे आराम फक्त तुम्हालाच आहे.) इकडे आम्ही सगळे ठीक. गाडीही ठीक आहे, म्हणजे तिचा बराचसा भाग ठीक आहे. ते सविस्तर लिहितो.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे रविवारी गाडी फिरवायला काढली. घरात बसून कंटाळा आला म्हणून आईही मागे बसल्या. पेट्रोल पंपावर हवा भरत होतो, तेवढ्यात पांढरे हातमोजे घातलेले एक गृहस्थ गाडीभोवती प्रदक्षिणा घालू लागले. मला वाटलं डॉक्टर असावेत, आणि गाडीचं काही खरं नाही. पण ते जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष निघाले. पलीकडच्याच मैदानात त्यांचा मेळावा होता आणि आम्हाला नेल्याशिवाय ते हलेनात.

बाबा, तिथे दोन पक्ष आहेत. अध्यक्षांच्या पक्षाचं म्हणणं, गाडी कारखान्यातून आली तशीच राहिली पाहिजे. स्क्रूसुद्धा मूळचा हवा. (त्यांच्यातल्या एकाने मूळचा गंजही जपलाय.) दुसऱ्या पक्षाचा पुढारी एक व्यायामशाळावाला. त्याने गाडी इतकी खाली बसवली आहे की तिच्यातून उतरताना माणूस तळघरातून वर आल्यासारखा दिसतो. कारखान्याने फक्त कच्चा माल दिला, गाडी आपण करायची, असं त्याचं मत. तीन चाकांची गाडी आणलेला एक शिंपी दोन्ही पक्षांपासून लांब बसला होता. चौथं चाक ही लोकांची हौस आहे, एवढं बोलून तो पुन्हा चहा प्यायला लागला.

आपली गाडी कोणत्या पक्षात, यावर वाद पेटला. अध्यक्ष म्हणाले, दाराची मूठ कपाटाची आहे, पायरी लाकडाची आहे, वरच्या आरशाखाली हा दुसरा चिमुकला आरसा कशासाठी? व्यायामशाळावाला म्हणाला, बदल केलेत पण एकही दिसायला बरा नाही. तुम्हाला ठाऊक आहे, या गाडीवर घरात सर्वांत जास्त हसतो तो मी. पण परक्यांनी नावं ठेवल्यावर माझं डोकं तापलं आणि मी बाह्या सरसावल्या. मी तोंड उघडण्याआधी आईच बोलल्या. "पायरी माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखायचे म्हणून. मूठ त्यांच्या वाकड्या बोटांत धरता यावी म्हणून. आणि आरसा, मागे झोपलेल्या दोन्ही मुली गाडी चालवताना यांना दिसाव्यात म्हणून."

अध्यक्षांनी हातमोजे काढले, पुढे बसले आणि त्या आरशात बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझ्या गाडीत मुलं कधी बसलीच नाहीत. डाग पडतील म्हणून मीच बसू दिली नाहीत."

पुढचं वाचताना उशीला टेकून बसावं. निघताना व्यायामशाळावाल्याची गाडी फाटकातल्या गतिरोधकावर पोटावर बसली. मागे सगळा मेळावा अडकला. स्वतःच्या चकचकीत गाडीला दोर बांधू द्यायला कोणी तयार होईना, आणि सगळे आपल्याकडे बघू लागले. मैदानाच्या दुसऱ्या दाराने मी आपली गाडी त्याच्या पुढ्यात नेली, मोठ्या रुबाबात दोर बांधून घेतला आणि गाडी काढली. आपली गाडी पुढे गेली, बंपर त्यांच्याकडे राहिला.

दुसऱ्यांदा दोर खालच्या सांगाड्याला बांधला आणि त्याची गाडी सुटली. टाळ्या पडल्या. बंपर आता आमच्या बाल्कनीत आहे. (अध्यक्षांनी माझं सांत्वन केलं की तोही मूळचा नव्हता.)

ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा जावई

ता. क. : बंपर हे निमित्त. डॉक्टरांनी तुम्हाला यापुढे गाडी चालवायची नाही असं सांगितलंय, आणि ते तुमच्या कानावर घालायची हिंमत दोन्ही मुलींना होत नाही, म्हणून काम जावयावर आलं. गाडी विकावी असंही घरात निघालं होतं. मी नाही म्हटलंय. तुम्ही परत आलात की शेजारी बसा आणि मला ती नीट चालवायला शिकवा. हवं तेवढं ओरडा.

ता. क. दुसरा : वरचं आईंनी वाचलं. डॉक्टरांचं तुम्हाला आधीच माहीत आहे, त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात, असं त्या म्हणतात. शिकवण्याबद्दल त्यांचा निरोप असा, की इतकी वर्षं मागे बसून झालं, आता आधी त्या शिकणार. तुम्ही शेजारी बसायचं, तोंड बंद ठेवून. मी मागे.