साहेबांविरुद्ध एकदा जिंकू देण्याबाबत

प्रति,
मा. श्री. हार्गो प्रानोतो,
उपविभागीय पाटबंधारे अधिकारी,
कालिवेनिंग, मध्य जावा.

विषय : स्वातंत्र्यदिन बॅडमिंटन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आपणांस हरविण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : गेल्या शुक्रवारी चहाच्या वेळी काढलेले आपले उद्गार, "त्री, रविवारी मनापासून खेळ हं!"

महोदय,

१. सविनय सादर की, अर्जदार त्री वालुयो, कालवा निरीक्षक, हा खेळाडूंच्या राखीव जागेवर या कार्यालयात रुजू झाला. उपरोक्त उद्गार त्याने शिरसावंद्य मानले असते. परंतु मागील साहेबही असेच म्हणत, आणि कोणी खरेच मनापासून खेळला की आठवडाभर त्याच्या नमस्काराला उत्तर देत नसत. सबब लेखी परवानगी असलेली बरी.

२. अर्जदार तरुणपणी प्रांताचा विजेता होता. राष्ट्रीय शिबिरात निवड झाली तेव्हा गावाने बोकड कापला. शिबिरात मात्र त्यास सरावाचा जोडीदार नेमण्यात आले. म्हणजे परदेशी खेळाडूंची नक्कल करावयाची आणि आपल्या नामवंतांकडून हरावयाचे. डेन्मार्कच्या एका डावखुऱ्या खेळाडूपायी उजव्या हाताचा अर्जदार वर्षभर डाव्या हाताने खेळला. जेवला तेवढा उजव्याने. पुढे नामवंत सुवर्णपदक घेऊन परतले तेव्हा प्रशिक्षकांनी पाठ थोपटली, "शाब्बास! तो डेन्मार्कवाला अगदी तुझ्यासारखाच हरला." अर्जदाराच्या कारकिर्दीतील सर्वोच्च गौरव तो हाच.

३. या कार्यालयात शुक्रवारच्या कवायतीनंतर साहेबांशी खेळणे हे अर्जदाराचे अलिखित कर्तव्य आहे. आपल्याकडे साहेबांना हरविणे म्हणजे त्यांच्या ताटातला घास उचलणे. शटल जाळीत घालणे कोणासही जमते. साहेबांचा फटका अफलातून होता असे सर्वांना, आणि मुख्यत्वे साहेबांना, वाटावे अशा बेताने हरण्यास अंगी कसब लागते. आपण मध्यंतरी म्हणालात, "तुझं पायांचं काम कच्चं आहे रे. शुक्रवारी लवकर येत जा, शिकवतो." अर्जदार लवकर येतो व शिकतो. त्याच्या गोपनीय अहवालात 'खेळात प्रगती नाही' असा शेराही आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

४. येथवर कोणाचे काही अडले नव्हते. मात्र अर्जदाराची लारास नावाची कन्या गेल्या आठवड्यात शालेय सामन्यात शिक्षणाधिकाऱ्यांच्या मुलीविरुद्ध चांगली पुढे असताना एकाएकी शटल रेषेबाहेर मारू लागली. फार नाही, बोटभर बाहेर. लोक हळहळले. अर्जदार हळहळला नाही, कारण ती चूक त्याच्या ओळखीची होती. घरी सोयाबीनचे तळलेले तेंपे खाता खाता पोरगी हसून म्हणाली, "बाबा, तिचे वडील समोरच बसले होते ना! मी अगदी तुमच्यासारखं खेळले. कुणाला कळलंसुद्धा नाही." अर्जदाराने हातातला घास ताटात ठेवला. पत्नी एवढेच म्हणाली, "शिकवलंत ना तुम्हीच? मग निस्तरा आता."

५. महोदय, पोरीचा हात अर्जदाराहून चांगला आहे. तो असा वाया गेलेला बापाला पाहवणार नाही. रविवारी ती पहिल्या रांगेत बसणार आहे. तिच्या बापाला जिंकताही येते, हे तिने एकदा डोळ्यांनी पाहणे अत्यावश्यक आहे. तरी अर्जदारास जिंकू द्यावे. सामना लांबवून आपणांस दमविण्यात येणार नाही. अंगात वारा शिरून कणकण आल्यामुळे हरलो, असे आपण नंतर जाहीर केल्यास अर्जदार दुजोरा देईल. हवे तर तो वारा उतरविण्यासाठी पाठीला तेल लावून नाणे घासून देण्याची सेवाही करील. मात्र सामन्यापूर्वी वारा शिरू देऊ नये, ही कळकळीची विनंती.

शनिवारपर्यंत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे समजण्यात येईल. उत्तर नकारार्थी आल्यास ते सोमवारी उघडण्यात येईल.

रविवारचा सामना वगळता सदैव आपला नम्र,

(सही)
त्री वालुयो
कालवा निरीक्षक
दि. १३ ऑगस्ट

सोबत : लांबच्या कोणत्याही धरणावर बदली मिळण्याचा अर्ज, सोमवारची तारीख घालून.