दाजींचे तीन वाघ

कोल्हापूर, मे २००२

आदरणीय आक्कास धाकट्या प्रसेनजीतचा सविनय जयभीम.

तुझा गुडघा कसा आहे? अक्षताचा निकाल लागला का? आम्ही इकडं बरे आहोत (निदान डायरीत मी रोज तसं लिहितो).

दाजी मुरगूडच्या चौकात तीन वाघांची गोष्ट सांगत सुटलेत आणि मंडळ फेटा बांधून त्यांचा सत्कार करणार आहे, असं कळलं. म्हणून खरं काय ते कळवतो. व्याघ्रगणनेला मी दाजीपूरच्या जंगलात गेलो, तर "मेव्हण्याला एकटं कसं सोडू?" म्हणून दाजीही आले. काम सोपं होतं. धुळीत पंजाचा ठसा दिसला की त्यावर काच धरायची आणि ठसा रेघेनं उतरवून कागदावर घ्यायचा. पहिला झऱ्याजवळ सापडला. पुढं दाजी वाट चुकले (ते म्हणतात, वाटच चुकली), पण "पावणं, हे रान माझ्या पायाखालचं हाय की!" म्हणत चालत राहिले. दुसरा झरा लागला, तिथं ताजा ठसा. तिसरा लागला, तिथंही. "तीन झालं! लिवा!" मी लिहिलं, सही केली. दिवसभर रानात एक पाखरू बोललं नाही. मला ती शांतता आवडली होती.

ठशांचे कागद पक्के करायला घरी आणले आणि सहज एकावर एक ठेवले. तेच वाकडं बोट, रेघेवर रेघ. आक्का, वाघ एकच होता. झराही एकच. आम्ही टेकडीला फेऱ्या मारत होतो. तिसऱ्या ठशाखाली मी इमानदारीनं आणखी एक आकार उतरवला होता, तो आत्ता ओळखला. दाजींच्या कापशी चपलेची टाच! पंजा तिच्यावर पडला होता. म्हणजे तो आमच्या मागून चालत होता.

तीन वाघ म्हटलं की सगळे खूश होतात, जंगल भरल्यासारखं वाटतं. एक म्हटलं की मी मागं वळून बघतो, भर बाजारातसुद्धा. आकडा दुरुस्त करायचा म्हणतोय तो सचोटीनं, की ही भीती एकट्याला सोसवत नाही म्हणून, ते डायरीतही ठरत नाही.

तुझा
प्रसेनजीत

ता. क. दुरुस्तीसाठी जागा पुन्हा दाखवावी लागेल, असं वनखात्याचे साहेब म्हणाले. रविवारी दाजींना पाठव. त्यांना यातलं काही सांगू नकोस.

ता. ता. क. या खेपेला पुढं मी चालणार, एवढं मात्र त्यांच्या गळी उतरव.