वायरलेसचा स्विच आणि सत्तावन्न नोंदण्या

प्रति,
मा. सचिव,
कृषी उत्पन्न बाजार समिती, सोनगव्हाण,
जि. अमरावती.

विषय : माझ्या मोबाईलवरून झालेल्या सत्तावन्न तूर-नोंदण्या रद्द न करण्याबाबत. (त्यांच्याऐवजी मला रद्द करण्यास हरकत नाही.)

संदर्भ : आपले कारणे दाखवा पत्र, दि. १२ मार्च २०१८. (ते माझ्याऐवजी माझ्या वडिलांना बजावण्यात आले.)

महोदय,

१. मी, शाइस्ता कुर्बान शेख, आपल्या समितीत कंत्राटी संगणक चालक आहे. शासकीय तूर खरेदीसाठी शेतकऱ्यांची नावे ऑनलाइन भरणे हे माझे काम असून आवारात नोंदणीचे टेबल एकच आहे. नाव भरले गेले नाही तर तूर मोजली जात नाही, आणि नोंदणीची मुदत परवा शनिवारी संपते. हे आपणास ठाऊक आहे. तरी कागदावर असावे म्हणून लिहिले.

२. जानेवारीत समितीने अकोल्याहून वायरलेस नेट सांभाळणारा स्विच आणला. माहितीपत्रक इंग्रजीत असल्याने त्याचे गुण मीच सभेत मराठीतून वाचून दाखवले होते, याचा आता पश्चात्ताप होतो. ही एकच सपाट पेटी आवारातली बाराही वायरलेस केंद्रे एका जागेवरून चालवते. केंद्रांना वीजही नेटच्याच केबलमधून देते. एक केंद्र बंद पडले तर शेजारचे केंद्र स्वतःचा जोर वाढवून त्याचे काम ओढते. हा गुण आपल्या कार्यालयात मला आजवर कोणातही आढळलेला नाही. लोकांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळे नेट देता येते, आणि परवानगीवाचून कोणी स्वतःचे नेट सुरू केले तर स्विच ते शोधून कळवतो. यंत्राबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

३. तक्रार आहे ती गट पाडण्याबद्दल. लिलावात कोणी कोणत्या ओट्यावर उभे राहायचे याचे जसे मान ठरलेले आहेत, तसेच नेटचेही ठरले. पहिले संचालक, मग अडते, मग व्यापारी, मग कर्मचारी. यावर दोन तास वाद झाला. शेतकऱ्यांचा गट करायचा राहूनच गेला. पुरवठादाराच्या माणसाने विचारले, तेव्हा आपण उठता उठता म्हणालात, "त्याइले पाहुण्यांमंदी टाका." ज्यांच्या मालावर हा बाजार उभा आहे, ते बाजारात पाहुणे ठरले! आणि माझे टेबल शेतकऱ्यांच्या कामाचे म्हणून तेही पाहुण्यांत गेले.

४. पाहुण्यांचे नेट अर्ध्या तासाने आपोआप तुटते. ती सोय चहापुरते टेकणाऱ्यांसाठी असते. एका नोंदणीत सातबारा, आधार आणि पासबुक यांचे फोटो चढवायचे असतात, वरून मोबाईलवर येणाऱ्या आकड्याची वाट पाहायची असते. पाहुण्यांच्या संथ नेटवर याला पाऊण तास कुठेच जात नाही. अर्ध्या तासाने फॉर्म कोरा, की पुन्हा पहिल्यापासून. नऊ दिवसांत नशिबाने चार नोंदण्या झाल्या.

५. माझे टेबल कर्मचारी गटात टाकावे, असे मी तीनदा लेखी कळवले. दोन मिनिटांचे काम. परंतु स्विचचा पासवर्ड लाखेचा शिक्का मारलेल्या पाकिटात असून पाकीट तिजोरीत आहे, कारण येथे सीलबंद वस्तू म्हणजे निविदा, आणि निविदा सभेतच फोडायची असते. भांडारपाल शेषराव यांच्या मी हातापाया पडले. ते म्हणाले, "बाई, पाकीट फोडाले ठराव लागते." ठरावाला सभा लागते, सभेला गणसंख्या लागते, आणि संचालक मंडळ लग्नांत जेवत होते. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पाहिले आहेत, परंतु येथे तर उंटही कुलपात आहे.

६. म्हणून ९ व १० मार्च रोजी मी माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू केला. दोन दिवसांत सत्तावन्न नोंदण्या झाल्या. त्यानंतर, महोदय, दोन महिन्यांत प्रथमच स्विचचा एक गुण समितीच्या कामी आला. त्याने आपणास कळवले, 'अनधिकृत केंद्र आढळले. नाव : कुर्बान.' तो मोबाईल वडिलांनी घेऊन दिला, म्हणून मी त्याला त्यांचे नाव दिलेले आहे. माझे वडील याच आवारात तीस वर्षांपासून पोत्यांची तोंडे शिवतात. आपण त्यांना कामावरून उठवले, त्यांची पिशवी झडती घेऊन उलटी केली आणि दाभण जप्त केले. ते म्हणाले, "साहेब, मले सुतळी अन् दाभण समजते. मले काहून धरून राह्यले?" चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत शिकले होते. त्यातला चोर मी, आणि मी समोरच्या टेबलावर बसलेली होते.

७. आता पत्रात आपण लिहिता की, केंद्र अनधिकृत असल्याने त्यावरील सत्तावन्न नोंदण्याही अनधिकृत समजून रद्द करण्याचा प्रस्ताव आज सायंकाळी पाठवण्यात येईल. मला या कारभाराची शिसारी येते. अर्जात कोणता शब्द शोभेल याचा मी बराच विचार केला, परंतु दुसरा शब्द खरा ठरत नाही. पाकीट फोडायला ठराव लागतो आणि सत्तावन्न माणसांची तूर नाकारायला एक सही पुरते!

८. त्या सत्तावन्नांत कौंडण्यपूरकडच्या मैनाबाई आहेत. अकरा दिवसांपासून त्यांची तूर आपल्या आवारात उघड्यावर आहे आणि उद्या त्यांचा नंबर पुकारला जाणार आहे. नोंदणी झाल्याचा मेसेज त्यांना वाचता येत नाही. त्या रोज माझ्याकडे येतात, फडक्यातून मोबाईल काढतात आणि मेसेज अजून आहे ना, एवढेच विचारतात. काल म्हणाल्या, "पोरी, हात लावू नोको वं. चुकून पुसल्या जाईन." मी त्यांना सांगितले की, तो कोणालाही पुसता येत नाही. मी खोटे बोलले की खरे, हे आज सायंकाळी आपल्या सहीवर ठरेल.

९. तरी विनंती की, अनधिकृत मी आहे, नोंदण्या नाहीत. माझे कंत्राट आजच संपवावे. वडिलांचे दाभण परत करावे. प्रस्ताव पाठवू नये. मोबाईल मी ११ तारखेपासून बंद ठेवलेला असून तेव्हापासून माझे टेबल पूर्णपणे नियमानुसार चालू आहे, त्याचा पुरावा सोबत जोडला आहे.

पाहुण्यांच्या गटातील,
आपली नम्र,
शाइस्ता कुर्बान शेख
सोनगव्हाण, दि. १५ मार्च २०१८

सोबत :
१) सत्तावन्न नोंदण्यांची यादी.
२) टेबल कर्मचारी गटात टाकण्याबाबतच्या तीन अर्जांच्या पोचपावत्या.
३) स्विचचा आजचा अहवाल. आवारातील अनधिकृत केंद्रे : शून्य.
४) माझ्या टेबलाचा आजचा अहवाल. झालेल्या नोंदण्या : शून्य.